तिसरं आययूआय करू की सरळ आयव्हीएफ? मिस्टर शिपवर असतात त्यांच्यासाठी थोडं सविस्तर

डिचोलीहून एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: वय ३३, मिस्टर ३८, क्रूझ शिपवर किचनमध्ये. लग्नाला ४ वर्षं. पीसीओडी (ओव्हरीत एग म्हणजे स्त्रीबीज वेळेवर तयार न होण्याचा त्रास), पाळी ४०-४५ दिवसांनी येते. दोन्ही ट्यूब ओपन. मिस्टरांचा शुक्राणूंचा काउंट १४ मिलियन, मोटिलिटी (हलणारे) ३५ टक्के. मागच्या चतुर्थीच्या सुट्टीत लागोपाठ दोन आययूआय (धुतलेले शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडणं) केली, दोन्ही फेल. आता नोव्हेंबर चालू आहे, मिस्टर फेब्रुवारीत अडीच महिन्यांसाठी येणार. डॉक्टर म्हणतात आता आयव्हीएफच (टेस्ट ट्यूब बेबी) करा, सासूबाई म्हणतात तू आराम केला नाहीस म्हणून दिवस राहिले नाहीत. काय करू?

फायलीचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत, कारण "दोन आययूआय फेल" एवढ्यावरून कोणीच काही सांगू शकत नाही. मी गेली कित्येक वर्षं गोव्यात हेच काम करते आणि माझ्याकडे फाइल घेऊन येणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्यांदा हेच विचारते की झालेली आययूआय मोजण्यासारखी होती का. तुमचं उत्तर मी आधीच सांगून टाकते: तुमच्या दोनापैकी एकच मोजायचं, आणि फेब्रुवारीत अजून दोन नीट करायची, जास्त नाही. आता का ते.

आधी ती चार वर्षं. तुम्ही चार वर्षं म्हणता, घरचे चार वर्षं म्हणतात, लग्नाच्या हॉलमध्ये भेटणारी प्रत्येक मावशी चार वर्षं म्हणते, पण मिस्टर सात-आठ महिने शिपवर आणि अडीच महिने घरी, म्हणजे चार वर्षांत तुम्ही दोघं एकत्र किती होता? फार तर १० ते १२ महिने. आणि तुमची पाळी ४०-४५ दिवसांची, म्हणजे त्या काळात सात-आठ पाळ्या, त्यातल्या प्रत्येकीत एग तयार होऊन फुटलं असेलच असं पीसीओडीत नसतं. वंध्यत्वाची व्याख्याच मुळी १२ महिने नियमित संबंध असूनही दिवस न राहणं अशी आहे. आपल्याकडे तारवट्यांच्या (बोटीवर काम करणाऱ्यांच्या) घरात ही गोष्ट कोणी लक्षातच घेत नाही. बाई एकटी घरी असते, बोलणी तिला बसतात, आणि गणित मात्र कोणी करत नाही. तरुण, सगळं नॉर्मल असलेल्या जोडप्यालासुद्धा एका पाळीत चान्स साधारण २० टक्क्यांच्या आसपासच असतो, तर तुम्हाला मिळालेले चान्स मुळात कमीच होते.

आता तुमची दोन आययूआय. पहिल्याची शीट बघितली. क्लोमिफीन (एग वाढवायची गोळी) दिलंय, फॉलिकल (एगची पिशवी) १६ एमएमचं असताना रात्री ९ वाजता एग फुटण्यासाठीचं एचसीजीचं इंजेक्शन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी १० ला आययूआय, म्हणजे मध्ये फक्त १३ तास. एचसीजी दिल्यावर एग फुटायला साधारण ३६ ते ४० तास लागतात, म्हणून आययूआय पण आम्ही साधारण ३६ तासांच्या आसपास ठेवतो, २४ ते ४० मध्ये कुठेही चालतं. नैसर्गिक संबंधांत शुक्राणू गर्भाशयाच्या तोंडाशी असलेल्या चिकट स्रावात दोन-चार दिवस टिकून राहतात आणि हळूहळू वर जात राहतात, पण आययूआयचे धुतलेले शुक्राणू सगळे एकदम आत सोडलेले असतात, त्यांना तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून टायमिंगला इथं जास्त किंमत. वर गर्भाशयाचं अस्तर ५.५ एमएम, जे आम्हाला निदान ७-८ तरी हवं असतं, आणि क्लोमिफीनने काही जणींचं अस्तर पातळ होतं हे माहीत असलेली गोष्ट आहे. पोस्ट-वॉश (धुतल्यानंतरचा) काउंट कुठेच लिहिलेला नाही. त्यामुळे हे पहिलं मी मोजणार नाही. कुठं केलं, का केलं, त्यात मला जायचं नाही, मिस्टरांची सुट्टी संपत आली की घाईत असं होतं, पेशंटच मागे लागतात हेही मी बघते.

दुसरं मात्र नीट होतं. लेट्रोझोल (त्याच कामाची दुसरी गोळी) ५ मिलिग्रॅम, एक फॉलिकल १९ एमएम, अस्तर ८.५, इंजेक्शननंतर ३६ तासांनी आययूआय, पोस्ट-वॉश हलणारे शुक्राणू ४ मिलियन. हे मोजायचं, आणि ते फेल गेलं म्हणून काही बिघडलंय असं अजिबात नाही.

कारण आययूआय म्हणजे नक्की काय होतं ते बघा. वीर्य लॅबमध्ये धुतात, त्यातलं पाणी, पांढऱ्या पेशी, मेलेले शुक्राणू सगळं बाजूला काढतात (न धुता वीर्य गर्भाशयात टाकता येत नाही, त्यातल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे भयंकर कळा येतात, इन्फेक्शनची भीती वेगळी), आणि उरलेले चांगले, जोरात हलणारे शुक्राणू अर्ध्या मिलीभर द्रवात बारीक मऊ नळीने गर्भाशयात सोडतात. बस एवढंच. पुढे ट्यूबमध्ये जाणं, एग शोधणं, त्यात शिरणं, गर्भ तयार होणं, तो रुजणं, ते सगळं शरीरालाच करायचं आहे. चोडणला जाणाऱ्या माणसाला रायबंदरच्या फेरीच्या धक्क्यापर्यंत सोडलं तर नदी काही आपण ओलांडून देत नाही, तसं. म्हणून एका सायकलला (एका पाळीतल्या प्रयत्नाला) यश १० ते १५ टक्के, वय चाळिशीच्या पुढे असेल तर ५ टक्क्यांच्याही खाली. जाहिरातीत याहून मोठे आकडे दिसले तर विचारा की तो आकडा एका सायकलचा आहे की सगळ्या मिळून, आणि टेस्ट पॉझिटिव्ह आलेल्यांचा की बाळ घरी नेलेल्यांचा.

पण हेच १२ टक्के धरून नीट केलेल्या तीन सायकलचा हिशेब केला तर ३२ टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणजे तिघींत एकीला. हा नुसता कागदावरचा हिशेब नाही. न्यूझीलंडमध्ये कारण न सापडलेल्या जोडप्यांवर एक ट्रायल झाला, २०१८ मध्ये छापून आला, एका गटाला गोळ्या देऊन तीन आययूआयपर्यंत आणि दुसऱ्या गटाला नुसतं थांबायला सांगितलं, तर आययूआयवाल्यांत ३१ टक्क्यांना बाळ झालं आणि थांबलेल्यांत ९ टक्क्यांना. गंमत म्हणजे त्याआधी २०१३ मध्ये ब्रिटनच्या सरकारी गाइडलाइनने अशा जोडप्यांना आययूआय सरसकट देऊच नका, दोन वर्षं प्रयत्न करा आणि मग थेट आयव्हीएफ असं सांगितलं होतं. म्हणजे मोठमोठ्या लोकांतही यावर एकमत नाही, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ सुचवलं ते काही चूक किंवा पैशासाठीच असं लगेच धरून चालू नका. मला फक्त तुमच्या केसमध्ये ते थोडं लवकर वाटतं.

लेट्रोझोलबद्दल तुम्ही घाबरून विचारलंय की ही कॅन्सरची गोळी आहे ना. हो, ब्रेस्ट कॅन्सरमध्ये वापरतात, पण तिथं रोज आणि वर्षानुवर्षं, इथं पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून फक्त पाच दिवस, गर्भ राहायच्या वेळेपर्यंत ती शरीरातून निघून गेलेली असते. भारतात २०११ मध्ये यासाठी तिच्यावर बंदी आली होती हे खरं आहे, २०१७ मध्ये ती उठवली. आणि पीसीओडीत तर आता हीच पहिली पसंती, अमेरिकेत ७५० पीसीओडीवाल्या बायकांवर केलेल्या ट्रायलमध्ये (२०१४) लेट्रोझोलने २७.५ टक्के आणि क्लोमिफीनने १९.१ टक्के बायकांना बाळ झालं. तुमचं अस्तर क्लोमिफीनवर ५.५ आणि लेट्रोझोलवर ८.५, यापेक्षा मोठा पुरावा तुम्हाला स्वतःला काय हवा.

आता मिस्टरांकडे येऊ, कारण खरी अडचण मला तिथं थोडी दिसते आणि तुमच्या पाच पानी फायलीत त्यांचा एकच कागद आहे. काउंट १४ मिलियन प्रति मिली, वीर्य १.८ मिली, म्हणजे एकूण २५ मिलियन, त्यातले ३५ टक्के हलणारे म्हणजे ९ मिलियनच्या आतच. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा १६ मिलियन प्रति मिली, एकूण ३९ मिलियन आणि मोटिलिटी ४२ टक्के अशी आहे. म्हणजे थोडं कमी, हताश होण्यासारखं नाही. धुतल्यावर हातात ५ मिलियनच्या वर हलणारे आले तर आययूआयला बरं, १ ते ५ मध्ये चान्स कमी होत जातो, आणि १ च्या खाली असेल तर आययूआय करत बसणं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही घालवणं, तिथं सरळ इक्सी (आयव्हीएफमध्येच एकेका एगमध्ये एकेक शुक्राणू सोडणं). तुमचे ४ आलेत, म्हणजे काठावर.

पण ते सॅम्पल कधी दिलं होतं ते बघा, घरी आल्यापासून पाचव्या दिवशी! शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे त्या सॅम्पलमध्ये दिसतं ते शिपवरचं आयुष्य, भट्टीसमोर दहा-बारा तास उभं राहणं, झोपेचा पत्ता नाही, सिगरेट, मध्येच कधी ताप आला असेल तर तोही. शिवाय फार दिवसांच्या अंतराने दिलेल्या पहिल्या सॅम्पलमध्ये जुने, न हलणारे शुक्राणू जास्त असतात. म्हणून एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, आल्यावर दोन-तीनदा संबंध होऊन मग २ ते ५ दिवसांचा गॅप ठेवून परत टेस्ट. सिगरेट आजच बंद, फेब्रुवारीची वाट बघायची नाही, कारण फेब्रुवारीचे शुक्राणू आत्ता नोव्हेंबर-डिसेंबरपासून तयार व्हायला लागतायत. आणि सुट्टी फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे नेमका उर्राकचा (काजूच्या दारूचा) सीझन, मित्र बोलावणार, काजूच्या बागेत बसणं होणार, तर एखाद वेळी ग्लासभर घेतली तर मी काही बोलणार नाही पण रोजचं नको. जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देत असेल तर ते मात्र अजिबात नाही, त्याने अंगावर मसल दिसतात आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात, हल्ली पर्वरीपासून मडगावपर्यंत अशी मुलं बघते मी.

तर प्लॅन. खरं काम मिस्टर यायच्या आधीचं आहे आणि तेच कोणी करत नाही, सगळे एअरपोर्टवरून थेट क्लिनिकला येतात आणि मग सुट्टीची पहिली सायकल गोळीचा डोस शोधण्यात जाते. तुम्ही डिसेंबरमध्ये एक सायकल मिस्टर नसतानाच करा, म्हणजे लेट्रोझोल घ्या आणि फक्त सोनोग्राफी करून बघा की कितव्या दिवशी फॉलिकल किती वाढतं, फुटतं की नाही. तेवढ्यात थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच (एगचा साठा किती ते दाखवणारी), शुगर या टेस्ट करून टाका, रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन एक महिना थांबावं लागतं ते पण याच काळात बसतं, फॉलिक अॅसिड सुरू करा. वजन ७४ लिहिलंय, त्यातलं चार-पाच किलो जरी उतरलं तरी पीसीओडीत एग आपोआप तयार व्हायला फरक पडतो, त्याहून जास्तीच्या मागे लागू नका. आणि जानेवारीत प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन पाळी अशी आणता येते की मिस्टर पोचले की चार-पाच दिवसांत नवी सायकल सुरू. मग अडीच महिन्यांत आरामात दोन सायकल बसतात, नशिबाने तिसरी.

आल्या आल्या अजून एक काम करायचं, सॅम्पल फ्रीझ. रजिस्टर्ड सेंटरमध्ये दोघांच्या सह्यांनी मिस्टरांचं एक-दोन सॅम्पल गोठवून ठेवायचं. वितळवल्यावर हलणारे शुक्राणू निम्म्याच्या आसपास कमी होतात, त्यामुळे तुमच्या काठावरच्या काउंटला गोठवलेल्या सॅम्पलवर आययूआय करणं ही माझी पहिली पसंती नाही, पण कंपनीने अचानक लवकर बोलावलं किंवा त्या दिवशी सॅम्पल देताच आलं नाही तर हाताशी असतं. आणि हे देता न येणं फार कॉमन आहे हो, बाहेर नर्स उभी, बारक्या बाथरूमचं दार कोणीतरी वाजवतंय, घड्याळ चालू, कुठल्या माणसाला जमेल. घरून आणायचं असेल तर लॅबने दिलेल्याच डबीत, अंगाजवळ उबेला धरून, अर्ध्या ते एक तासात पोचलं पाहिजे. डिचोलीहून म्हापसा ठीक आहे, पण पर्वरीच्या जॅममधून पणजीला आणायची रिस्क घेऊ नका, क्लिनिकमध्येच द्या.

पीसीओडी असल्यामुळे एक सावधगिरी. गोळीवर दोनपेक्षा जास्त फॉलिकल मोठी झाली तर खूश होऊ नका. तीन-चार एग एकदम फुटली तर जुळी-तिळी राहतात, आणि ती दिसायला गोड असली तरी कमी दिवसांची बाळंतपणं आणि एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) काचेबाहेर काढलेले आठवडे मी फार बघितलेत. अशा वेळी ती सायकल सोडून द्यायची आणि संबंधही टाळायचे, कितीही जिवावर आलं तरी. दुसरं म्हणजे पाळी येईना म्हणून कोणी थेट रोजची हार्मोन इंजेक्शनं सुरू करत असेल तर आधी विचारा का, ओव्हरी सुजून पोटात पाणी होण्याचा धोका तुमच्यासारख्यांना जास्त.

देवाचा कौल (होकार) घ्यायचा का असंही तुम्ही शेवटी लाजत विचारलंय. घ्या की, माझे निम्मे पेशंट देवाला पाकळ्या लावून कौल मिळाल्यावरच येतात आणि मन शांत असलेलं मला पण चालतं. फक्त तो मिस्टर यायच्या आधी घ्या, कारण फॉलिकल १९ एमएमचं झाल्यावर "पुढच्या सोमवारी कौल आहे" म्हणून थांबता येत नाही.

आता सासूबाईंचा आराम. आययूआय झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं टेबलवर पडून राहायचं, मग उठून घरी. शुक्राणू गर्भाशयात सोडलेले असतात, उभं राहिल्याने ते खाली पडत नाहीत, नंतर थोडं ओलं लागतं ते नळीबरोबरचं पाणी आणि योनीतला स्राव. दिवसभर पाय उशीवर ठेवून झोपल्याने चान्स वाढतो असं कुठंच दिसलेलं नाही. अॅक्टिव्हा चालवा, ऑफिसला जा, जिने चढा, हुमण-भात खा. पपईच्या दोन फोडींनी काही होत नाही, पण खाल्ली आणि पाळी आली तर आयुष्यभर ऐकावं लागेल, त्यामुळे घरातल्या शांततेसाठी ते पंधरा दिवस पपई राहू द्या! आणि दुखतं का, तर तपासणीला लावतात तेच यंत्र, वर बारीक नळी, बहुतेकींना पाळीच्या वेळी पोटात येतं तेवढंच, दोन-तीन मिनिटांचं काम. सासूबाईंना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत घेऊन जा, मुलाचाही रिपोर्ट काठावर आहे हे डॉक्टरच्या तोंडून कळलेलं बरं असतं. साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा बाईच्या कारणाबरोबर असतंच, आणि ती टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखाची असून सगळ्यात शेवटी होते.

कधी थांबायचं ते आत्ताच दोघांनी व्हिडिओ कॉलवर ठरवून टाका, ऐन वेळी ठरत नाही. माझं मत: अजून दोन, म्हणजे मोजण्यासारखी एकूण तीन. मध्येच एएमएच फार कमी आला, किंवा नवीन सॅम्पल धुतल्यावर १ मिलियनच्या खाली गेलं, तर तेवढीही नाहीत, त्याच सुट्टीत आयव्हीएफचं ठरवायचं. सहा-सहा, आठ-आठ आययूआय करून वयाच्या ३८ व्या वर्षी येणाऱ्या बायका बघितल्या की वाईट वाटतं, दर वेळी "अजून एकदा करून बघू" असं करत वर्षं गेलेली असतात आणि एग काही थांबत नाहीत. तारवट्यांना आयव्हीएफचा एक फायदाही आहे, मिस्टर गोठवलेलं सॅम्पल आणि सह्या देऊन गेले की बाकीचं ते शिपवर असताना होऊ शकतं, इक्सीला शुक्राणू थोडेच लागतात.

खर्चाचं म्हणाल तर खाजगीत आययूआय हजारांत आणि आयव्हीएफ लाखाच्या वर जातं. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) सरकारी एआरटी (आययूआय-आयव्हीएफसारख्या उपचारांचं) सेंटर आहे, तिथं ही ट्रीटमेंट मोफत मिळते, कागदपत्रं काय लागतात आणि वेटिंग किती ते डिसेंबरमध्येच जाऊन विचारा, मिस्टर आल्यावर नाही. खाजगीत गेलात तर सेंटर एआरटी कायद्याखाली रजिस्टर्ड आहे का बघा, २०२१ च्या या कायद्यानंतर नुसतं आययूआय करणाऱ्या क्लिनिकलासुद्धा लेव्हल १ चं रजिस्ट्रेशन लागतं. आणि कोणी सॅम्पल धुताना मुलगाच होईल असं काही करून देतो म्हणाला तर तिथून उठून या, तो गुन्हा आहे.

शेवटचं, टेस्टबद्दल. मागच्या वेळी तुम्ही आठव्या दिवशी घरी लघवीची टेस्ट केली, फिकट दुसरी रेघ आली, सगळ्यांना सांगितलं आणि मग पाळी आली, बरोबर ना? ती रेघ बहुतेक तुम्हाला दिलेल्या एचसीजीच्या इंजेक्शनचीच होती, ते शरीरात आठ-दहा दिवस राहू शकतं. आययूआयनंतर पंधराव्या दिवसाआधी करू नका, आणि प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर पाळी लांबली म्हणजे दिवस राहिले असं धरू नका, टेस्ट करूनच काय ते ठरवा. पॉझिटिव्ह आली तर सहा-सात आठवड्यांना एक सोनोग्राफी, गर्भ जागेवर आहे ना बघायला. त्याआधी पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली किंवा रक्त जायला लागलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलला नाहीतर गोमेकॉच्या कॅज्युअल्टीला जा.